विमा वाढविणे आहे

२१ जून १९३७, भोर

मुंबईहून पुस्तकं आली. तीन आहेत, तिन्ही इंग्रजी, आणि टपालात पाणी लागून तिन्हींच्या कडा फुगल्या आहेत. विम्याची पुस्तकंच अपघातात सापडली, असं मी पद्मजेला म्हटलं. ती हसली नाही. नवऱ्याच्या हातात जाड पुस्तक दिसलं की तिला काळजी वाटते.

परीक्षा २५ आणि २६ ऑक्टोबरला, पुण्यात. पास झालो तर कंपनी मला पुण्याला इन्स्पेक्टर नेमणार, तसं साहेबांनी लिहून कळवलं आहे. नापास झालो तर हाच दीनानाथ, सकाळी वकीलसाहेबांचे अर्ज खरडणारा आणि दुपारनंतर लोकांच्या ओसरीवर बसून त्यांना त्यांच्या मरणाची आठवण करून देणारा. चौतीस वर्षांचा झालो. आता नाही तर मग नाहीच.

ही वही दोन तोंडांची करणार आहे. पुढून विम्याचे इंग्रजी शब्द आणि त्यांना मी केलेले मराठी शब्द. मागून ही दैनंदिनी.

५ जुलै

आज नऊ शब्द केले. मी घोकणारा माणूस नाही. मला एखादी गोष्ट मराठीत सांगता आली तरच ती डोक्यात राहते, म्हणून हा खटाटोप. 'ग्रेस डेज' म्हणजे सवलतीचे दिवस, हे सहज जमलं. हप्त्याची तारीख उलटल्यावर कंपनी एक महिना वाट पाहते, तेवढ्यात भरला तर विमा चालू, नाही तर खंडित. 'रिन्यूअल'पाशी मात्र दोन दिवस अडलो. नूतनीकरण म्हटलं तर तोंडात खडे आल्यासारखं वाटतं. पुढे चालविणे हे लांबलचक. अखेर आज सकाळी दाढी करताना सुचलं : वाढविणे. हप्ता भरला की मुदत वाढते, म्हणून विमा वाढविणे. सुटसुटीत, घरगुती आणि डोंगरातल्या माणसालाही कळेल असा शब्द. स्वतःवर इतका खूश झालो की हनुवटीला कापलं.

संध्याकाळी पद्मजा वही धरून शब्द विचारत होती. पाठ चांगलं चाललं होतं, तेवढ्यात उठताना तिचा हात दाराच्या कडीवर आपटला. "अगं बाई, वाढली!" म्हणून ती काचा वेचायला बसली आणि आमचा अभ्यास तिथेच आटोपला. तिच्या हातात बांगडी टिकत नाही.

१९ जुलै

परमविश्वासाचं प्रकरण वाचलं. विमा देणारा आणि घेणारा या दोघांनी एकमेकांपासून काही लपवायचं नाही, असा त्याचा मथितार्थ. वाचताना पासलीचा कुंडलिक डोळ्यांपुढे आला.

वेल्ह्याच्या पलीकडे डोंगरात पासली आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिथे पहिल्यांदा गेलो, तेव्हा सगळ्या गावाने माझं ऐकून घेतलं, ताक पाजलं आणि वाटेला लावलं. कुंडलिक तेवढा वेशीपर्यंत माझ्यामागे आला. म्हणाला, "पंत, मला एकच लेक हाय, ठकी. माझ्यामागारी भाऊबंद खाचरं घेतील आन मायलेकींना गोठ्यात ठिवतील. कायतरी असं करा, की फुलाबाईला कुनाच्या दारात उभं ऱ्हावं लागू न्हाई." विमा घ्यायला इतकं स्वच्छ कारण मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

कागद केला तो भाऊबंदांच्या चोरून, खळ्यावर बसून. मी नेहमीप्रमाणे 'काही बरंवाईट झालं तर' असं बोलत होतो. आमच्या धंद्यात सरळ 'मेल्यावर' म्हणायची पद्धत नाही. कुंडलिक ऐकत राहिला आणि म्हणाला, "तुमची भाषा लई चांगली. वंगाळ सबुद तुमच्या तोंडात येत न्हाई." मग अंगठा उठवायच्या आधी त्याने माझ्याकडून वचन घेतलं. दर हप्त्याला मी स्वतः यायचं. पोस्टाचा त्याला भरवसा नाही, आणि भाऊबंदांना सुगावा लागायला नको.

तेव्हापासून वर्षातून दोनदा जातो. नसरापूरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी मिळाली तर गाडी नाही तर पाय, मुक्काम वेल्ह्यात आणि दुसऱ्या दिवशी पासली. येऊन-जाऊन चार दिवस. आता सप्टेंबरच्या वीस तारखेला पुढचा हप्ता. अभ्यास पाहून जायला हवं.

८ ऑगस्ट

पाऊस, पाऊस, पाऊस. अभ्यासाची वेळ ठरवून टाकली आहे. पहाटे दोन तास, आणि संध्याकाळी ओटीवर बसून समोरच्या सावळारामाने दुकान वाढवीपर्यंत. तो फळ्या लावायला लागला की मी पुस्तक मिटतो. गेले तीन दिवस गिऱ्हाईक नाही म्हणून तो लवकर दुकान वाढवतो, आणि माझंही फावतं.

१४ सप्टेंबर

गणपती झाले. परीक्षेला सहा आठवडे उरले आणि तिसरं पुस्तक अजून उघडलेलं नाही. त्यातून चार दिवस पासलीला घालवायचे म्हणजे काय, याचा सकाळपासून विचार करतो आहे.

शेवटी तोड काढली. वीस तारखेनंतर सवलतीचा महिना आहेच. कुंडलिकालाच एकदा भोरला बोलावून घ्यावं, म्हणजे त्याने यावं किंवा कोणाबरोबर हप्ता पाठवावा. कार्ड लिहिलं :

"रा. रा. कुंडलिकराव यांस सा. न. वि. वि. आपला विमा येत्या २० ऑक्टोबरच्या आत वाढविणे आहे. मला परीक्षेमुळे या खेपेस येणे होत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. काळजी नसावी. कळावे, आपला दीनानाथ."

पद्मजेने वाचलं आणि म्हणाली, "हप्ता घेऊन या, असं सरळ लिहा ना."

मी तिला समजावलं की कार्ड उघडं जातं, शाळेतले गुरुजी ते वाचून दाखवणार, आजूबाजूला भाऊबंद असणार. पैशाचं नाव त्यात कसं घालायचं? आणि 'वाढविणे' म्हटल्यावर काय करायचं ते त्याला कळणार नाही का?

"मला तरी नीटसं कळलं नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, तू काही विमेदार नाहीस. कार्ड पेटीत टाकून आलो. वचन मोडल्याची रुखरुख आहे, पण क्षमा मागितली आहे आणि मोठ्या अदबीने मागितली आहे. कुंडलिक समजून घेईल.

३ ऑक्टोबर

आज वेल्ह्याचा रखमाजी गाडी घेऊन बाजाराला आला. कुंडलिकाचा निरोप घेऊन आला होता. ओटीवर टेकला, पाणी प्यायला, आणि पाठ केल्यासारखा म्हणाला, "कुंडलिक म्हनला, पंत वाढवा म्हनत्यात तर वाढवा. आमची काय ना न्हाई. दोन वर्सं सांभाळलंत, लई उपकार झालं म्हनावं."

मी विचारलं, आणखी काही दिलंय का?

"दिलंया की," म्हणून त्याने तुपाचा गडवा पुढे केला.

हप्त्याचं त्याला उघडपणे विचारता येईना. रखमाजीला काही ठाऊक नाही हे दिसत होतं. म्हणजे कुंडलिकाला मान्य आहे, फक्त पैसे तो नेहमीसारखे माझ्याच हातात देणार. पोस्टावर भरवसा नाही तसा रखमाजीवरही नसेल. हट्टी माणूस आहे.

पद्मजा गडव्याकडे बघत राहिली. "सणाच्या तोंडावर घरातलं सगळं तूप काढून दिलेलं दिसतंय. एवढं कोणी उगाच देत नाही हो."

मी म्हटलं, गरीब माणसं आभार मानायला निमित्त शोधत असतात. तूप मात्र फार सुरेख आहे. रवाळ, आणि वास असा की संध्याकाळी दोन घास जास्त गेले.

११ ऑक्टोबर

घरात वाद. पद्मजेचं म्हणणं, दसऱ्याला दोन दिवस काम बंद आहे, त्याला दोन जोडून पासलीला जाऊन या. मी म्हटलं, त्या चार दिवसांत माझं अख्खं तिसरं पुस्तक होतं. ती म्हणाली, मग त्याचा हप्ता तूर्त आपण भरून टाकू, मागाहून घ्या. मी पुस्तक उघडून दाखवलं. विमेदाराचा हप्ता एजंटाने पदरचा भरणं शिस्तीला धरून नाही, असं त्यात सरळ छापलं आहे.

"मागच्या वर्षी तुम्ही दोघा विमेदारांचा भरला होता," ती म्हणाली.

"तेव्हा मी हे पुस्तक वाचलं नव्हतं."

यावर ती आत गेली. उत्तर मला सुचलं तेव्हा मोठं चटकदार वाटलं होतं. लिहिताना तितकंसं वाटत नाही.

१४ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटून आलो. पायाला काटा लागला आहे आणि पासलीच्या वाटेवरच्या गुंजवणी नदीला अजून पाणी आहे असं लोक म्हणतात. तिसऱ्या पुस्तकाची चाळीस पानं झाली.

काट्याचं खरं म्हटलं तर विशेष काही नाही.

२० ऑक्टोबर

आज सवलतीचा शेवटचा दिवस. सकाळपासून मोटारीचा भोंगा वाजला की कान टवकारत होतो. नसरापूरहून मोटार आली, तीतून एक मास्तर आणि कोंबड्यांची डालगी घेऊन दोन बाया उतरल्या. कुंडलिक आला नाही.

खंडित झाला. पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही. खंडित विमा सहा महिन्यांच्या आत पुन्हा उभा करता येतो. प्रकृती ठीक असल्याचा दाखला द्यायचा आणि राहिलेला हप्ता भरायचा. कुंडलिक दगडासारखा धट्टाकट्टा आहे, त्याला दाखल्याची काय अडचण? दिवाळी झाली की जातो. परीक्षेलाही नेमका हाच भाग आहे, तेव्हा तो आता माझ्या चांगलाच लक्षात राहील.

२६ ऑक्टोबर, रात्री परत भोर

परीक्षा झाली! दोन्ही दिवस पेपर उत्तम गेले. आजच्या पेपरात तर प्रश्नच असा आला की मनातल्या मनात टाळी वाजवली : सवलतीचे दिवस संपल्यावर विमेदाराची स्थिती काय होते, आणि अशा वेळी एजंटाचं कर्तव्य काय? चार पानं लिहिली. उदाहरणाला डोंगरातला एक अशिक्षित शेतकरी घेतला. त्याला पत्रावर विसंबू देऊ नये, दक्ष एजंटाने मुदतीच्या आत स्वतः त्याच्या घरी जावं, असं ठासून लिहिलं. तपासणाराला आवडेल.

परतताना नसरापूरपाशी वेल्ह्याचा फाटा लागला. ड्रायव्हर दोन मिनिटं थांबला होता. वेल्ह्याकडची एक गाडी तिथे उभीही होती. उतरावं असं क्षणभर वाटलं. पण हातात पद्मजेसाठी घेतलेलं लुगडं, पिशवीत फटाके, अंगात दोन दिवसांचा शीण. उतरलो नाही. पुढे कापूरहोळला मोटार बंद पडली आणि दोन तास वडाखाली बसून काढले. तेवढ्या वेळात मी वेल्ह्याच्या निम्म्या वाटेवर असतो, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

१५ नोव्हेंबर

दिवाळी झाली, पाहुणे गेले. आता जायला हरकत नाही. पण या आठवड्यात वकीलसाहेबांची एक मोठी दिवाणी आहे. ती आटोपली की नक्की.

६ डिसेंबर

पास! आणि नुसता पास नाही, दुसऱ्या पेपरात आमच्या इलाख्यात पहिला. साहेबांचं अभिनंदनाचं पत्र सोबत आहे. नव्या वर्षापासून पुण्याला इन्स्पेक्टर. नेमणुकीचा अर्ज भरून पाठवायचा आहे.

पद्मजेच्या डोळ्यांना पाणी आलं. सावळारामाकडून नारळ आणला, देवापुढे वाढवला, आळीत खोबरं वाटलं. सावळारामाने नारळाचे पैसे घेतले नाहीत. आजच्यासारखा दिवस माझ्या आयुष्यात झाला नाही.

पुण्याला जाण्याआधी पासलीला जाऊन यायचं आहे. विसरलेलो नाही.

१० डिसेंबर

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी रखमाजीची गाडी दारात थांबली. विकायला आणलेली हिरड्याची पोती होती. गाडीतून एक बाई उतरली. तिचं कपाळ मोकळं होतं, म्हणून मी आधी ओळखलंच नाही. ती कुंडलिकाची फुलाबाई होती.

ओटीच्या पायरीवर बसली. म्हणाली, "ठकीचं बा गेलं, पंत. पुनवेच्या दुसऱ्या दिशी."

पद्मजा पाणी घेऊन बाहेर आली होती, ती तशीच उभी राहिली. मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक, अरेरे, असं काहीतरी.

फुलाबाईने कमरेचं गाठोडं सोडलं. धुवट फडक्यात विम्याचा कागद होता. कणगीत ठेवलेला असणार, घडीत भाताचे दाणे होते. तो तिने माझ्यापुढे ठेवला.

"तुमचा कागद. हिरडा घालाया यायचंच हुतं, म्हनलं दिऊन यावा. वाढवलेला कागद घरात कशापायी ठिवायचा? भाऊबंदांच्या नजरंला पडला तर म्हनतील, हिला पैसं आलं आन हिनं दडिवलं."

मला कळेना. वाढवलेला कागद म्हणजे काय, असं मी विचारलं. खरंच विचारलं. इलाख्यात पहिला आलेला माणूस तिला विचारत होता.

ती माझ्याकडे जरा नवलाने बघायला लागली. "तुमीच लिवलं हुतं की कारडात. इमा वाढवायचा हाय म्हनून. गुर्जींनी वाचून दावलं. ह्ये म्हनलं, कंपनीनं बंद केला असंल, त्यात पंतांचा काय विलाज? पन मानूस बघ कसा हाय. बंद असा सबुद लिवला न्हाई त्यांनी. वाढवायचा हाय म्हनलं, वर क्षमा मागितली, काळजी करू नगा म्हनलं. लई मोठ्या मनाचा मानूस. म्हनून तर तूप धाडलं."

दुकान वाढवलं. बांगडी वाढली. नारळ वाढवला. माझी आई बोलायची, पद्मजा बोलते, मी बोलतो. फुटलं, मोडलं, बंद झालं म्हणू नये, म्हणून वाढलं म्हणायचं. चार महिने मी विम्याच्या एकेका इंग्रजी शब्दाला मराठी शब्द शोधत बसलो होतो, आणि जो शब्द आमच्या घरात रोज निघतो तो मला ऐकू आला नाही.

फुलाबाई बोलतच होती. तिला कोणाला तरी सांगायचं होतं. "मग ह्ये म्हनलं, इमा न्हाई तर न्हाई. ठकीसाठी औंदा हिरडा जादा काढू. कड्यावरलं झाड हाय, त्याला गावातलं कुनी हात लावत न्हाई. म्या नगं म्हनलं. म्हनलं, जुनं झाड हाय, फांदी किडलीया. म्हनलं, कुनासाठी येवढं? तर ह्ये म्हनलं, आता दुसरं काय हाय तिच्यासाठी?"

गाडीतली ती पोती. त्यातली काही तो ज्यावरून पडला त्या झाडाची असणार.

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण ती माझ्याकडे मोठ्या मनाच्या माणसाकडे बघावं तशी बघत होती, आणि मी तो कागद उचलून घेतला आणि "बरं" म्हणालो. बरं!

पद्मजा म्हणाली, "फुलाबाई, आत चला. पान वाढलंय, चार घास खाऊन जा." ती जेवली. जाताना मला वाकून नमस्कार केला. मी तो करू दिला.

११ डिसेंबर

वही मागे उलटून पाहिली. ८ ऑगस्ट : सावळारामाने दुकान वाढवलं. ६ डिसेंबर : देवापुढे नारळ वाढवला. माझंच अक्षर. पुढून उघडली तर तिथेही माझंच अक्षर : रिन्यूअल, वाढविणे. त्याखाली मी खुशीने दुहेरी रेघ ओढली आहे.

तरी सगळा दोष शब्दावर टाकून मोकळं होता येत नाही. शब्द चुकला तरी मी पासलीला गेलो असतो तर ओसरीवर बसता बसता चूक कळली असती. दसऱ्याला गेलो असतो तर. नसरापूरला उतरलो असतो तर. पंधरा नोव्हेंबरला मी वकीलसाहेबांच्या दिवाणीचं निमित्त लिहिलं आहे, तेव्हा तो जिवंत होता, आणखी चार दिवस होता. पायातला काटासुद्धा खोटा होता.

सकाळी चहा ठेवताना पद्मजा म्हणाली, "तुम्ही तिला सांगितलं नाहीत."

मी म्हटलं, सांगून काय मिळणार तिला? कंपनीला मी काल संध्याकाळीच लिहिलं आहे, चूक माझी म्हणून. पण उत्तर मला पाठ आहे. मीच परीक्षेत चार पानांवर लिहून आलो आहे.

"काय मिळणार ते मला माहीत नाही. पण तो गेला तो तुम्हाला भला समजून गेला, आणि तीही तसंच समजते आहे. तुम्हाला चालणार आहे का ते?"

नेमणुकीचा अर्ज टेबलावर तसाच पडून आहे. उद्या निघतो.

१४ डिसेंबर, वेल्हे

पासलीहून परत येऊन देवळाच्या ओवरीत बसलो आहे. उद्या पुढची वाट.

काल दुपारी पोचलो. ज्या चार दिवसांची मला एवढी किंमत वाटली होती, ते हेच. वाट नेहमीसारखीच. गुंजवणीला घोटाभर पाणी.

फुलाबाई खळ्यावर पेंढा रचत होती. ठकी वर उभी राहून पेंढ्या घेत होती, दहा-अकरा वर्षांची असेल. मला पाहून दोघी उतरल्या. ठकीने घोंगडं आणून अंथरलं, त्याच जागी जिथे तिच्या बापाने अंगठा दिला होता. कड्याकडचं झाड तिथून दिसतं. मी त्या बाजूला पाठ करून बसलो.

सांगितलं. एकदाचं सगळं सांगितलं. विमा बंद झालेला नव्हता. वाढविणे म्हणजे चालू ठेवणे, असं मला म्हणायचं होतं. वीस ऑक्टोबरच्या आत मी येऊन हप्ता न्यायचा होता, तसं वचन होतं, आणि परीक्षेसाठी मी आलो नाही. आलो असतो तर आज हा कागद तुमच्या उपयोगी पडला असता. आता तो पडणार नाही. कंपनीला लिहिलं आहे, पण आशा धरू नका. मी हे उठून उभ्याने सांगितलं. बसून सांगवेना.

फुलाबाई कितीतरी वेळ पेंढ्याची एक काडी मोडत बसली. मी वाट पाहत होतो, तिने शिव्या द्याव्या, रडावं, हाकलून द्यावं. कशाचीही तयारी करून गेलो होतो.

"म्हंजे," ती म्हणाली, "त्यांनी झाडावर चढायचं कायबी कारन न्हवतं."

मी मानेने नाही म्हटलं.

ती उठून घरात गेली. बराच वेळ आली नाही. ठकी माझ्याकडे टक लावून बघत होती. फुलाबाई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझं कार्ड होतं. चुलीच्या धुराने पिवळं पडलेलं, मधोमध दुमडलेलं.

"तुमी वाचा," ती म्हणाली. "तुमी लिवलंय, तवा तुमाला बरोबर वाचता यील. कसं वाचाया पायजे हुतं त्ये ऐकूंद्या मला."

मी कार्ड घेतलं. अक्षर सुबक आहे माझं, शाळेत बक्षीस मिळालं होतं. वाचलं. आपला विमा येत्या वीस ऑक्टोबरच्या आत वाढविणे आहे. शब्दावर जोर देऊन वाचलं, मग जोर न देता वाचलं. मग आणखी एकदा, सावकाश.

फुलाबाईने कार्ड माझ्या हातून परत घेतलं, घडीवर घडी केली आणि पदरात बांधलं.

"गुर्जींनीबी असंच वाचलं हुतं," ती म्हणाली.